मोटारतळाखालची जमीन

श्रोतेहो, आजचा विषय तुमच्या नेहमीच्या पाहण्यातला आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. विषय आहे नगरपालिकेचा मोटारतळ. शहराच्या ऐन मध्यावर, बाजारपेठेच्या तोंडाशी, मोटारी उभ्या करण्यासाठी राखलेली जागा. ती जागा मोडून तेथे दुसरे काही उभारायचे नगरपालिका ठरवते, तेव्हा काय होते, काय व्हावे, आणि त्यात आपण कुठे बोलायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

तुम्ही म्हणाल, "आम्ही खेड्यातली माणसे. शहराच्या मोटारतळाशी आमचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो शहरवासीयांपेक्षा तुमचाच जास्त आहे. शहरातला मनुष्य पिशवी घेऊन निघाला की चालत बाजारात पोचतो. गाडी लावायला जागा लागते ती वीस-पंचवीस किलोमीटरवरून येणाऱ्याला. कुणी बियाणे घ्यायला येतो, कुणी म्हाताऱ्या आईला दवाखान्यात दाखवायला, कुणी तहसील कचेरीतले काम उरकायला. बरे, त्याच शहरात आपल्याच गावची एखादी बाई मेथीच्या जुड्या घेऊन मोकळ्या पटांगणात बसलेली असते. मोटारतळ झाला की तिची टोपली उठते. मोटारतळ मोडला की आपली गाडी उठते. दोन्ही वेळा उठणारा बहुधा बाहेरगावचाच असतो, आणि गंमत अशी की त्या नगरपालिकेच्या निवडणुकीत त्याला मत नसते.

आधी थोडा हिशेब करू. आम्ही मास्तर मंडळी. हिशेबाशिवाय आमचे भागत नाही. एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण मोटार काही आभाळातून त्या जागेत उतरत नाही. तिला आत यायला, वळायला, बाहेर पडायला वाट हवी. ती वाट धरली की मोटारीमागे साधारण पंचवीस चौरस मीटर जागा जाते. आता आपला गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, सुमारे शंभर चौरस मीटर. याचा अर्थ काय झाला? एका गुंठ्यात चार मोटारी, आणि एका एकरात एकशेसाठ. शिक्षकांसाठी दुसऱ्या मापाने सांगतो. वीस फूट गुणिले पंचवीस फूट असा शाळेचा वर्ग धरा. दोन मोटारी जिथे उभ्या राहतात, तेवढ्या जागेत चाळीस मुलांचा एक वर्ग भरतो.

आणि मोटार उभी किती वेळ असते? अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी सारे आयुष्य या एकाच प्रश्नाच्या अभ्यासात घालवले आणि २००५ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की मोटार तिच्या आयुष्यातला पंचाण्णव टक्के वेळ नुसती उभी असते. म्हणजे दिवसाच्या चोवीस तासांतले जवळजवळ तेवीस तास. त्यांचा दुसरा मुद्दा तर आपण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फुकट मोटारतळ फुकट नसतो. त्याच्या जागेचे मोल कुठेतरी भरावेच लागते. कधी करातून, कधी दुकानातल्या मालाच्या भावातून. ते मोल जो मोटारीने आला तोही देतो आणि जो एस. टी.ने किंवा पायी आला तोही देतो. ज्याच्याकडे मोटारच नाही, तो दुसऱ्याच्या मोटारीचे भाडे भरतो, आणि त्याला ते कळतही नाही.

तेव्हा मोटारतळ म्हणजे केवळ मोकळी जागा, ही समजूत प्रथम सोडून द्यावी. शहरातली ती सर्वांत मोलाची जमीन असते. प्रश्न आहे तो तिचे काय करावे, आणि ते कुणाला विचारून करावे, हा.

आता एका परदेशी शहराची गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात ऑरेगॉन नावाचे राज्य आहे. तिथे पोर्टलंड हे नदीकाठचे शहर. या शहराचे चौक फार आटोपशीर आखलेले आहेत. मधल्या भागातला प्रत्येक तुकडा दोनशे फूट लांब, दोनशे फूट रुंद. आपल्या मोजणीने सुमारे सदतीस गुंठे. त्यांतल्याच एका तुकड्याची ही हकीकत.

१८५८ साली त्या सदतीस गुंठ्यांत काय होते? शाळा. मुलांसाठी बांधलेली सार्वजनिक शाळा. पुढे शहर वाढले, जमिनीला भाव आला. रेल्वेच्या एका धनिकाला तिथे मोठे हॉटेल हवे होते. मग शाळेची इमारत हलवली गेली आणि हॉटेलचा पाया खणला गेला. त्या धनिकाचे दिवस फिरले, काम अनेक वर्षे अर्धवट पडून राहिले, आणि अखेर १८९० मध्ये पोर्टलंड हॉटेल उघडले. साठ वर्षे ते हॉटेल शहराचे भूषण होते. मग मोटारींचे युग आले. समोरच मायर अँड फ्रँक या नावाचे भलेमोठे दुकान होते. गिऱ्हाइकांच्या मोटारी लावायला जागा पुरेना, तेव्हा १९५१ मध्ये ते हॉटेल पाडण्यात आले आणि तिथे दोन थरांचा मोटारतळ झाला. पाहा बरे. शाळा गेली, हॉटेल आले; हॉटेल गेले, मोटारी आल्या. एका जमिनीच्या तुकड्यात शंभर वर्षांचा इतिहास येऊन बसला.

१९६९-७० च्या सुमारास असा प्रस्ताव आला, की आहे तो मोटारतळ लहान पडतो. तेथे दहाहून अधिक मजल्यांचा मोटारतळ बांधावा. व्यापाराच्या दृष्टीने सरळ गोष्ट. पण शहराच्या नियोजन मंडळापुढे जेव्हा ही सुनावणी झाली, तेव्हा नागरिकांनी येऊन विचारले, "आमच्या शहराच्या हृदयात मोटारींची माडी हवी कशाला?" मंडळाने परवानगी नाकारली. पुढे १९७२ मध्ये शहराच्या मध्यभागाचा आराखडा झाला. ही जागा लोकांचा चौक व्हावी, अशी सूचना त्यात आली.

इथवर ऐकून तुम्हांला वाटेल, की मग लगेच मोटारतळ मोडला असेल. नाही. आणि या गोष्टीतला शिकण्यासारखा भाग नेमका इथेच आहे. मोटारतळाला हात लावण्याआधी पोर्टलंडकरांनी शहरात येण्याची दुसरी वाट तयार केली. १९७५ पासून शहराच्या मध्यभागात बसचे तिकीटच काढून टाकले. त्या भागात कुठेही चढा, कुठेही उतरा, पैसे नाहीत. ही सवलत २०१२ पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षे चालली. १९७७-७८ मध्ये मध्यभागातले दोन रस्ते मुख्यतः बसगाड्यांसाठी नव्याने बांधले. म्हणजे मोटार न आणताही मनुष्य बाजारपेठेच्या दारात उतरू लागला. इतके झाल्यावर, १९७९ मध्ये, शहराने ती जागा विकत घेतली.

१९८० मध्ये चौकाच्या आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर झाली. एकशेबासष्ट आराखडे आले. विलर्ड मार्टिन नावाच्या स्थानिक वास्तुशिल्पकाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा आराखडा निवडला गेला. त्यात भपका नव्हता. विटांची फरसबंदी, एका बाजूला उतरत जाणाऱ्या अर्धवर्तुळाकार पायऱ्या, बसायला जागा, आणि जुन्या हॉटेलच्या लोखंडी प्रवेशद्वाराचा जपून ठेवलेला भाग. आपल्या गावच्या पारासारखाच प्रकार म्हणा ना, फक्त मोठा.

मग विरोध सुरू झाला. नव्याने आलेल्या महापौरांना आणि काही व्यापाऱ्यांना हा उघडा चौक मान्य नव्हता. उघड्यावर रिकामटेकडे येऊन बसतील, भिकारी येतील, मग सभ्य गिऱ्हाईक कसे येणार? त्यापेक्षा काचेची बंदिस्त वास्तू बांधा, असा त्यांचा आग्रह. पैशांची अडचण पुढे आली आणि काम अडले. तेव्हा नागरिकांनी एक साधी युक्ती काढली. चौकात विटा बसवायच्याच होत्या ना? मग एकेक वीट एकेकाने विकत घ्यावी. त्या विटेवर त्याचे नाव कोरले जाईल. हजारो लोकांनी विटा घेतल्या. कुणी स्वतःच्या नावाची, कुणी नातवाच्या, कुणी वारलेल्या माणसाच्या आठवणीची. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर किंवा शाळेच्या भिंतीवर देणगीदाराचे नाव असते, तसेच. फरक एवढाच, की इथे मोठा देणगीदार आणि लहान देणगीदार यांची वीट एकाच मापाची होती.

ज्या जागेत हजारो लोकांची नावे आहेत, ती कोण अडवणार? ६ एप्रिल १९८४ रोजी तो चौक लोकांसाठी खुला झाला. पायोनियर कोर्टहाउस चौक हे त्याचे नाव. १९८६ मध्ये शहरात नवी विजेची रेल्वे सुरू झाली, तिचेही थांबे चौकाला लागूनच झाले. १९८८ मध्ये तिथे एक गमतीचे यंत्र बसवले. एक उंच खांब. दर दिवशी दुपारी बारा वाजता तुतारी वाजते, पाण्याचा फवारा उडतो आणि खांबाच्या टोकाशी एक आकृती वर येते. ऊन असेल तर सूर्य, भुरभुर पाऊस असेल तर बगळा, वादळ असेल तर पंखांचा राक्षसी सर्प. लोक जेवणाचा डबा घेऊन पायऱ्यांवर बसतात आणि बगळा येतो की सूर्य, हे पाहतात. पोर्टलंडचे लोक त्या चौकाला शहराचा दिवाणखाना म्हणतात. आपण चावडी म्हटले असते.

आता दुसरी बाजूही पाहू, कारण एकाच बाजूने बोलणे हे शिक्षकाला शोभत नाही. व्यापाऱ्यांची भीती अगदीच खोटी होती का? मोटार लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक दुसऱ्या बाजाराला जाते, हे कोणत्याही दुकानदाराला विचारा. पण ज्या दुकानासाठी हॉटेल पाडले होते, ते चौक झाल्यावरही समोर उभे होते. त्याच नावाने ते २००६ पर्यंत चालले, पुढे दुसऱ्या नावाने २०१७ पर्यंत. त्या काळात अमेरिकेतली अशी कितीतरी मोठी दुकाने बंद पडली. मोटारतळ असलेलीही पडली. तेव्हा व्यापार मोटारतळावर टिकतो, असे म्हणता येत नाही, आणि चौकावर टिकतो असेही नाही. व्यापार टिकतो तो माणसे येण्यावर. माणसे येण्याची सोय आधी करा, मग जागेचे काय ते ठरवा. पोर्टलंडचा धडा एवढाच आहे.

याच्याशी ताडून पाहायला इंग्लंडमधले एक उदाहरण घेऊ. न्यूकॅसलच्या समोर, टाइन नदीच्या दक्षिण काठावर गेट्सहेड नावाचे शहर आहे. तिथे १९६७ मध्ये ट्रिनिटी स्क्वेअर नावाचा बहुमजली मोटारतळ सुरू झाला. उघड्या काँक्रीटचा, शहरात कुठूनही दिसणारा. गच्चीवर उपाहारगृह काढायचे ठरले होते. ते कधी उघडलेच नाही. १९७१ च्या एका गाजलेल्या चित्रपटात तो मोटारतळ दिसला, त्यामुळे त्याचे नाव झाले; पण पावसापाण्याने काँक्रीट काळवंडले आणि गावकऱ्यांना तो डोळ्यांत खुपू लागला. काही जाणकार म्हणत, हा त्या काळच्या वास्तुकलेचा नमुना आहे, जपा. काही म्हणत, पाडा एकदाचा. २०१० मध्ये तो पाडला. पाडताना निघालेले काँक्रीटचे तुकडे डब्यांत भरून, दर डब्याला पाच पौंड घेऊन, आठवण म्हणून विकण्यात आले. लोकांनी ते घेतलेही! ज्याला नावे ठेवली, त्याचाच तुकडा घरी नेऊन ठेवायचा. माणसाचा स्वभाव हा असा.

त्या जागेवर २०१३ मध्ये एका बड्या कंपनीचे प्रचंड दुकान, इतर गाळे, विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि पुन्हा मोटारी लावायची जागा असे संकुल उभे राहिले. आणि काय झाले? दुसऱ्याच वर्षी, २०१४ मध्ये, इंग्लंडमधल्या एका वास्तुविषयक नियतकालिकाने वर्षातल्या सर्वांत कुरूप नव्या इमारतींची जी यादी काढली, तीत या संकुलाचे नाव आले. जुने कुरूप म्हणून पाडले, नवे कुरूप म्हणून नावाजले! यात विनोद आहे, पण एक गंभीर गोष्टही आहे. पाडायचे काय, यावर वर्षानुवर्षे वाद होतो. त्या जागी काय हवे आहे, याची चर्चा मात्र घाईत उरकली जाते. पोर्टलंडमध्ये काय हवे ते १९७२ मध्ये आराखड्यात लिहिले गेले आणि बारा वर्षे लोक त्याला धरून राहिले.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात नगरपालिकांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाप्रमाणे चालतो, आणि शहराची आखणी १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे होते. या दुसऱ्या कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा तयार होतो. त्या नकाशावर शाळा कुठे, क्रीडांगण कुठे, बाजार कुठे, वाहनतळ कुठे, यांची आरक्षणे दाखवलेली असतात. आराखड्याचा मसुदा झाला की नगरपालिकेला तो प्रसिद्ध करावा लागतो आणि ठरलेल्या मुदतीत लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मंजूर आराखड्यातले आरक्षण बदलायचे झाले तरी नोटीस काढावी लागते. आणि मंडळी, इथे कान देऊन ऐका. हरकत घेण्यासाठी तुम्ही त्या शहराचे मतदार असले पाहिजे, असे नाही. कोणत्याही व्यक्तीने लेखी हरकत किंवा सूचना दिली, तर तिचा विचार व्हायला हवा. मत नाही म्हणून आवाज नाही, असे समजू नका.

टोपली घेऊन बसणाऱ्या आपल्या बायाबापड्यांसाठीही २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा झाला आहे. शहरात विक्रेत्यांची समिती असावी आणि तिच्यात निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनीच निवडलेले असावेत, त्यांतही एक तृतीयांश बाया असाव्यात, असे तो सांगतो. बाजारपेठेतली जागा बदलायची असेल तर या समितीचे म्हणणे काय, हा प्रश्न नगरपालिकेला विचारण्याजोगा आहे.

पण प्रश्न विचारायचा तर हातात आकडे हवेत. "आमची गैरसोय होते" एवढे म्हटले की साहेब मान डोलावतात आणि कागद फायलीत जातो. म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. सातवी-आठवीची मुले घेऊन बाजाराच्या दिवशी आपल्या तालुक्याच्या मोटारतळावर जा. चार-चार मुलांच्या टोळ्या करा. दर अर्ध्या तासाने मोजायचे: किती मोटारी, किती मोटारसायकली, किती टेम्पो, किती जागा रिकाम्या. एका टोळीने गाड्यांचे नंबर टिपायचे, म्हणजे कोणती गाडी किती वेळ उभी होती ते कळेल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच जागी असलेल्या गाड्या बहुधा गिऱ्हाइकाच्या नसतात. त्या आसपासच्या दुकानदारांच्या आणि कचेऱ्यांतल्या माणसांच्या निघतात. तसे निघाले तर मोटारतळ मोठा करायला नको, लांब थांबणाऱ्या गाड्या जरा मागे हलवल्या तरी काम होईल. दुसऱ्या टोळीने एस. टी. स्थानकावर उभे राहायचे आणि उतरणारी माणसे मोजायची. तिसरीने पटांगणात बसलेल्या विक्रेत्यांची संख्या आणि त्यांची गावे लिहून घ्यायची.

प्राध्यापक शूप यांचा एक ठोकताळाही मुलांना सांगा. सात जागांपैकी एक जागा रिकामी राहत असेल, तर मोटारतळ बरोबर चालला आहे. सातही भरलेल्या असतील तर येणारा घिरट्या घालतो, आणि चार-चार रिकाम्या असतील तर जमीन वाया जाते आहे. भागाकार, सरासरी, शेकडेवारी, नकाशा, नागरिकशास्त्र, सगळे धडे एका दिवसात होतात. मग मुलांच्याच अक्षरात तो तक्ता मुख्याधिकाऱ्यांकडे पाठवा. सोबत तीन प्रश्न जोडा. हा मोटारतळ हलवलात तर बाहेरगावची माणसे बाजारात कशी येणार? इथे बसणारे विक्रेते कुठे बसणार? आणि या जागेवर जे होणार, त्यात सर्वांना मोफत बसता येईल असा निदान एक कोपरा असेल का?

मोटारतळ ठेवावाच, असे माझे म्हणणे नाही. मोडावाच, असेही नाही. कुठे तो ठेवणे योग्य असेल, कुठे त्याच्याखाली तळघर करून वर बाग करणे परवडेल, कुठे त्याची मंडई होईल, कुठे नुसता चौक. प्रत्येक गावची गरज वेगळी, पैसा वेगळा. पण जमीन एकच असते. तिच्यावर एकदा तीस-चाळीस वर्षांचे बांधकाम झाले, की आपल्या नातवांपर्यंत ते कुणाला हलवता येत नाही. म्हणून कुदळ पडण्यापूर्वी बोलावे. नोटीस वाचावी. नगरपालिकेच्या फलकावर ती महिनाभर लागलेली असते आणि आपण तिच्याच सावलीला गाडी लावून बाजारात निघून जातो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडीला कुलूप लावल्यावर दोन मिनिटे तो फलक वाचा, एवढीच विनंती.